सहा टिंबांची बाराखडी

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मराठी घरचे मूल शाळेत हिंदी शिकते, गल्लीत उर्दू ऐकते आणि पुढे इंग्रजीही गिरवते. या चार भाषा वाचावयाच्या तर डोळस मुलाला तीन निरनिराळ्या लिप्या पाठ कराव्या लागतात. त्याच गावच्या अंध मुलाला मात्र एकच लिपी पुरते. बोटाखाली पहिले आणि तिसरे टिंब लागले की तो 'क' होय. मग पुस्तक मराठी असो, हिंदी असो वा उर्दू. इंग्रजीतील 'के'सुद्धा तोच.

ही सोय आपोआप झालेली नाही. पॅरिसच्या अंधशाळेतील लुई ब्रेल या विद्यार्थ्याने १८२४ च्या सुमारास सहा टिंबांची लिपी रचली. ती हिंदुस्थानात आली तेव्हा जागोजागी निरनिराळे संकेत रूढ झाले, आणि एका शाळेचे पुस्तक दुसरीत वाचता येईना. हा घोळ १९५१ साली भारती ब्रेलने मिटविला. तीत स्वराचे चिन्ह नेहमी व्यंजनाच्या नंतर येते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

लिहिण्याची रीत मात्र उलटी. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून टोच्याने उजवीकडून डावीकडे टिंबे दाबावयाची. कागद पालथा केला की तीच टिंबे वर उठून डावीकडून उजवीकडे वाचता येतात. उर्दू लिहिणाऱ्या शेजाऱ्यास याचे फारसे नवल वाटू नये. गणितासाठी टेलरची पाटी असते. तिच्या अष्टकोनी भोकांत धातूचे खिळे बसवावयाचे आणि खिळा कोणत्या दिशेस वळला आहे यावरून आकडा ओळखावयाचा.

आता बोलका फोन आला आहे. तो धडा वाचून दाखवितो, ही मोठीच सोय. परंतु 'दिन' की 'दीन' हे नुसत्या कानाला कळत नाही. शुद्धलेखन बोटांनीच शिकावे लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यास वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व साधने मोफत देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. पण पाटी मिळाली आणि गुरुजींना टिंबे वाचता आली नाहीत, तर वही तपासणार कोण? वास्तविक डोळस माणसाला ही लिपी डोळ्यांनीच वाचता येते. त्याला बोटे तयार करावी लागत नाहीत, थोडा नेटाने सराव हवा. तोवर फळ्याकडे बोट दाखवून 'ही संख्या त्यातून वजा करा' असे न म्हणता, 'बेचाळीसातून सतरा वजा करा' एवढे तरी मोठ्याने म्हणावे. मागच्या बाकावरच्या डोळस मुलालाही ते ऐकू जाते.