यकृताचे आजार आणि सुईचे औषध

(लालबर्रा, जिल्हा बालाघाट येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बालाघाट आणि नागपूर हे एकाच राज्याचे जिल्हे होते. पुढे राज्ये वेगळी झाली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत आणि वाटाही बदलल्या नाहीत. दुखणे हाताबाहेर जाऊ लागले की लालबर्ऱ्याचा माणूस बालाघाटनंतर गोंदियाची किंवा नागपूरची वाट धरतो. म्हणूनच सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच महत्त्वाचा असलेला एक विषय आज आपल्यापुढे मांडीत आहे. मी वैद्य नाही. शासनाच्या प्रसिद्धी विभागात काम करणारा माणूस आहे. वैद्यकशास्त्राने जे सिद्ध केले आहे ते सोप्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम.

यकृत, म्हणजे ज्याला आपण लिव्हर म्हणतो, ते पोटात उजव्या बाजूस बरगड्यांखाली असते. खाल्लेल्या अन्नाचे रूपांतर करणे, रक्त गोठण्यास लागणारे घटक बनविणे आणि शरीरात आलेले विष निकामी करणे ही त्याची कामे होत. विष निकामी करण्यासाठी यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याचा साठा असतो. १९२१ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी हे द्रव्य वेगळे काढून त्यास हे नाव दिले. शरीरातील पेशींना जाळणाऱ्या द्रव्यांचा जोर मोडणाऱ्या अशा पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. कोठीतले धान संपले की घर उपाशी पडते, त्याप्रमाणे हा साठा संपला की यकृताच्या पेशी उघड्या पडतात आणि मरू लागतात.

हा साठा पुन्हा भरून काढणारे औषध म्हणजे ॲसिटिलसिस्टीन. सुरुवातीस ते छातीतील कफ पातळ करण्यासाठी वापरले जाई. १९७० नंतरच्या दशकात एडिनबरा येथील डॉ. प्रेस्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिरेतून देऊन पॅरासिटामॉलच्या विषबाधेतील रुग्ण वाचविले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत विषावरील उतारा म्हणून त्याची नोंद आहे.

पॅरासिटामॉल म्हणजे घराघरांत असणारी तापाची गोळी. योग्य मात्रेत ती निर्धोक आहे. निरोगी प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा अधिक घेऊ नये. नेहमी दारू पिणाऱ्याने, अशक्त माणसाने व यकृताच्या रोग्याने डॉक्टरांना विचारून याहूनही कमी घ्यावी. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ गोळ्यांतही हेच औषध मिसळलेले असते. तापाची एक आणि सर्दीची दुसरी अशा गोळ्या एकत्र घेतल्यास नकळत मात्रा दुप्पट होते. लहान मुलांची मात्रा वजनावरून ठरते, ती अंदाजाने देऊ नये.

कोणी रागाच्या किंवा दुःखाच्या भरात मूठभर गोळ्या गिळल्या, तर पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी, एवढेच दिसते. कधी तेवढेही दिसत नाही. घरची माणसे म्हणतात, आता बरे वाटते आहे, दवाखान्यात कशाला न्यायचे? शिवाय चारचौघांत बोभाटा होईल ही भीती असतेच. पण आत यकृताचा साठा संपत आलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ दिसू लागते, रक्त गोठेनासे होते, माणूस गुंगीत जातो. ही सुई गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाली तर यकृत जवळजवळ निश्चितपणे वाचते. त्यानंतर प्रत्येक तासागणिक लाभ कमी होत जातो. तथापि उशीर झाला म्हणून रुग्णाला घरी ठेवणे योग्य नाही, कारण उशिरा दिलेल्या औषधाचाही काही उपयोग होतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी : गोळ्या घेतल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रिकामे पाकीट सोबत न्यावे. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये. उंदीर मारण्याच्या ज्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, तिची गोष्टही अशीच फसवी आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत माणूस सावरल्यासारखा दिसतो आणि मग यकृत निकामी होते. त्या विषावर खात्रीचा उतारा नाही. डॉक्टर त्यातही ॲसिटिलसिस्टीन वापरतात, पण पॅरासिटामॉलइतका भरवसा तेथे देता येत नाही. असे विष घरात न ठेवणे हाच त्यावरील उत्तम उपाय. आणि ज्याने ते घेतले त्याला दूषण न देता धीर द्यावा, हेही उपचाराचेच अंग आहे.

आता दुसरा प्रश्न. विषबाधेत जी सुई इतकी गुणकारी, ती यकृताच्या इतर आजारांतही तशीच चालत असेल काय? दारूने खराब झालेल्या यकृतावर, काविळीवर, पोटात पाणी झालेल्या रुग्णावर ती का देऊ नये? हा प्रश्न डॉक्टरांनीही विचारला आणि रुग्णांवर पद्धतशीर तपासून पाहिला.

२००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पॅरासिटामॉलखेरीज अन्य कारणांनी एकाएकी यकृत निकामी झालेल्या १७३ प्रौढ रुग्णांची पाहणी होती. गुंगी सुरुवातीच्या अवस्थेत असताना ज्यांना हे औषध मिळाले त्यांच्यापैकी ५२ टक्के रुग्ण यकृतरोपणावाचून जगले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होते. गुंगी खोल झालेल्यांना मात्र लाभ झाला नाही. लहान मुलांवरील अशाच अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, फायदा आढळला नाही. उलट दोन वर्षांखालील बालकांत परिणाम अधिक वाईट दिसला.

दारूमुळे यकृतास तीव्र सूज आलेल्या १७४ रुग्णांचा फ्रान्समधील अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या स्टेरॉइड औषधासोबत ही सुई दिलेल्यांत एका महिन्यातील मृत्यू ८ टक्के, तर केवळ स्टेरॉइड दिलेल्यांत २४ टक्के होते. सहा महिन्यांनंतर मात्र दोन्ही गटांतील फरक खात्रीने सांगता येण्याजोगा उरला नाही. याचा अर्थ असा की, सुईने काही दिवसांचा अवधी मिळू शकतो. त्या अवधीत दारू सुटली, पोटभर सकस अन्न मिळाले आणि जंतुसंसर्ग टळला, तर त्याचे सार्थक. बाटली पुन्हा हाती आली, तर कोणतीही सुई पुरी पडणार नाही. फार वर्षे रोज पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडावी, कारण ती एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो.

कारण दूर करणे किती महत्त्वाचे असते, याचे एक जवळचे उदाहरण सांगतो. १९७५ च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यातील, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रदेशातील, काही खेड्यांत माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली आणि अनेक जण दगावले. शोध घेता असे आढळले की, गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रानटी झाडाचे बी मिसळले होते व त्या बियांतील विष यकृतातील रक्तवाहिन्या बंद करीत होते. तेथे खरा उपाय होता निवडलेले, स्वच्छ धान्य. २०१२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यामुळे. तेथे खरा उपाय होता शुद्ध पाणी. काविळीच्या माळेने किंवा ताकदीच्या सुईने अशी साथ हटत नाही.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सुई हीच कधी यकृताच्या रोगाचे मूळ ठरते. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे हिपॅटायटिस-बीची साथ पसरली, अनेकांचे प्राण गेले, आणि वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे त्यामागे आढळले. म्हणून सुई नव्या, सीलबंद पाकिटातून आपल्या डोळ्यांदेखत काढली जाईल याचा आग्रह धरावा. तसेच ॲसिटिलसिस्टीन शिरेतून देताना काहींच्या अंगावर पित्त उठते, धाप लागते, रक्तदाब उतरतो. ते सलाईनमधून सुमारे एकवीस तास सावकाश दिले जाते. अशी सुई घरी खाटेवर घ्यावयाची नव्हे, ती रुग्णालयातच घ्यावयाची.

ग्लुटाथायोनच्या सुया रंग उजळण्यासाठीही विकल्या जातात. यकृताच्या उपचाराशी त्याचा काही संबंध नाही आणि त्यासाठी शिरेत सुई टोचून घेणे धोक्याचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना आणि आशा कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, पुढील गोष्टी प्रत्येक घरी पोहोचवाव्यात. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत त्यास हिपॅटायटिस-बीची पहिली लस मिळाली पाहिजे. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात बी व सी या प्रकारांची तपासणी व औषधे मोफत आहेत. सी प्रकार तर बहुतेकांत सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. काविळीच्या रोग्यास गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला, रक्तस्राव झाला, किंवा गर्भवतीस कावीळ झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आणि डॉक्टर सुई सुचवितील तेव्हा नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : आजाराचे कारण काय आहे? ही सुई त्या कारणावर आहे की केवळ आधारासाठी? ती किती दिवस द्यावयाची आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. शेत गहाण टाकून सुयांमागे धावणाऱ्या कुटुंबाला ही उत्तरे वेळीच मिळाली, तर पैसा वाचेल आणि पुष्कळदा माणूसही वाचेल.

योग्य आजारात, योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी दिलेली सुई प्राण वाचविते. ती वेळ ओळखणे आपल्या हाती आहे.