भिंतीवर आपटलेला वायू

मी मूळचा विट्याकडचा, वाढलो चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये. मिंट स्ट्रीटलगतच्या गल्लीत आबांचं गलाईचं दुकान होतं. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यांतलेच आम्ही. खाली भट्टी, वर संसार. शिकून मी सुरक्षा अभियंता झालो. कारखान्यातून वायू गळाला तर तो किती दूर, किती दाट पोचेल, याचं गणित मांडणं हे माझं काम.

एक गोष्ट लोकांना पटत नाही. फुसकारत सुटलेला वायू मोकळ्यावर त्या मानानं लवकर विरळ होतो. आतला दाब बाहेरच्या साधारण दुप्पट झाला की भोकातून वायू ध्वनीच्या वेगानं निघतो. तो झोत आजूबाजूची हवा आत ओढत जातो आणि तिच्यात मिसळत पातळ होतो. स्वयंपाकाच्या गॅसचं घ्या. हवेत साधारण 2 टक्क्यांच्या खाली गेला की तो पेटत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी 2 मिलिमीटरचं भोक धरलं, तर झोत एवढा पातळ व्हायला मीटरभर अंतर पुरतं.

हे गणित मी आबांना ऐटीत सांगितलं होतं. "भट्टीपासून दीड मीटर लांब ठेवा, बास."

एका सकाळी व्हॉल्व्हचं वॉशर गेलं. मी वरून धावत आलो, तर आबा भट्टीकडे गेलेच नव्हते. उंबऱ्यावर उभे. "अरं, वास खालनं येतोय," म्हणाले. झोत समोरच्या भिंतीवर आपटला होता. तिथं त्याचा वेग मेला. मग उरला हवेपेक्षा जड, संथ वायू. तो फरशीवरून सरपटत जिन्याखाली साचला. त्याच भोकातून मिनिटाला पाव किलोच्या आसपास वायू निघतो, म्हणजे मिनिटाला सात-आठ घनमीटर पेटाऊ हवा. आमचं दुकान सगळं मिळून चोवीस घनमीटर. माझं दीड मीटर भिंत नसलेल्या जगातलं होतं.

चूक माझीच, पण तिचं मूळ जुनं आहे. वायू वाऱ्यासोबत कसा पसरतो याची आमची जुनी सूत्रं ज्या मोजमापांवर तपासली गेली, त्यांतली गाजलेली मोजमापं 1956 साली अमेरिकेत नेब्रास्काच्या सपाट गवताळ माळावर झाली. अलोहा नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जमीन कशी आहे असं विचारतात, तिथं 'शहर किंवा जंगल' हा एकच पर्याय! सौकारपेठेच्या गल्लीत वारा छपरांवरून जातो आणि खाली भोवरा फिरत राहतो. तो वायूला बाहेर नेण्याऐवजी घुसळत बसतो.

26 डिसेंबर 2023 च्या रात्री इथून उत्तरेला एन्नोरजवळ समुद्राखालच्या नळातून अमोनिया सुटला. पाण्यातून वर येताना त्याचा झोत कुठला उरणार! वाऱ्यानं तो कोळीवाड्यांवर आणला आणि पेरियकुप्पमची माणसं मुलंबाळं घेऊन रस्त्यावर आली. अमोनिया हवेपेक्षा हलका, हे पुस्तकात खरं आहे. थंडगार, दमट ढग झाला की तोही जमिनीलगत चालतो.

आता मी आधी भिंती मोजतो. आबांच्या दुकानात फरशीलगत दोन जाळ्या पाडल्या, सिलिंडर गल्लीकडच्या पिंजऱ्यात गेलं. आबा अजून रोज सकाळी भट्टी लावण्याआधी जिन्याखाली वाकून वास घेतात. मी थांबवत नाही.