मनाच्या वैद्याकडे जाताना



कोल्हापूर ही तालमींची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि गंगावेस, मोतीबाग अशा तालमींतून पैलवानांच्या पिढ्या घडल्या. आखाड्यात खांदा दुखावला, तर मल्ल ते वस्तादापासून लपवत नाही. कोणत्या डावात कळ आली, हे तो नेमके सांगतो. कारण नेमके सांगितल्याखेरीज नेमका उपाय होत नाही. मनाच्या दुखण्याबाबत मात्र हीच नगरी मौन धरते. दवाखान्याच्या पायरीवर कोणी ओळखीचे भेटेल, या धास्तीने पहिली भेट महिनोन् महिने लांबणीवर पडते.

हे मौन केवळ येथलेच नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहा टक्क्यांहून अधिक प्रौढांना मनोविकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

मग पहिल्या भेटीची तयारी कशी करावी? प्रथम कोणाकडे जायचे, हे समजून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात, ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक संवादाच्या मार्गाने उपचार करतात. अनेकदा दोघांचीही गरज भासते. खासगी खर्च पेलत नसेल, तर सीपीआर रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहेच.

त्यानंतर एक कागद घ्यावा. त्रास केव्हापासून आहे, झोप व भूक कशी आहे, कोणती कामे होईनाशी झाली, पूर्वीचे आजार, चालू असलेली सर्व औषधे आणि व्यसन असल्यास तेही प्रामाणिकपणे लिहावे. शेवटी एकच ओळ लिहावी : 'मला काय बदलायला हवे आहे?' बोलताना शब्द अडले, डोळे भरून आले, तर हा कागद पुढे ठेवता येतो. तज्ज्ञांची पात्रता, शुल्क, अंदाजे किती भेटी लागतील, हे विचारण्यात कोणताही अविनय नाही. पहिल्या भेटीतच गाठ सुटावी, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ती भेट मुख्यतः परिचयाची असते.

गुप्ततेची चिंता अनेकांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जीविताला धोका किंवा न्यायालयाचा आदेश, असे मोजकेच अपवाद आहेत. ते कोणते, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

आता घरच्यांविषयी. प्रश्न मुलाला विचारला जातो आणि उत्तर वडील देतात. सुनेला विचारले जाते आणि सासूबाई बोलतात. यामागे माया असते, तरीही रुग्णाचा आवाज त्यात हरवतो. सोबत अवश्य जावे, विचारले तर जे पाहिले ते सांगावे आणि मग काही काळ बाहेरच्या बाकावर बसावे. घरी परतल्यावर 'काय बोललास?' अशी उलटतपासणी करू नये.

मात्र जीव देण्याचे विचार येत असतील, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते.

दुखरा खांदा दाखवणाऱ्या मल्लाला कोणी भित्रा म्हणत नाही. मनाचे दुखणे घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्यालाही हाच मान मिळायला हवा आणि तो देण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.