बिनपायांचा शब्द

परक्या देशाची ओळख त्याच्या राजवाड्यांवरून करून घ्यावी की त्याच्या म्हणींवरून, असे कुणी विचारले तर मी म्हणींच्या बाजूने कौल देईन. राजवाडा एका घराण्याचा असतो. म्हण साऱ्या गावाची असते. म्हणून आज आपण कोरियातल्या म्हणींकडे वळू या. कोरियन भाषेत म्हणीला 'सोकदाम' म्हणतात.

पहिली गंमत अशी की, त्यांतल्या कितीतरी म्हणी आपल्याला ओळखीच्या वाटतात. आपण 'दिव्याखाली अंधार' म्हणतो, तर कोरियन माणूस म्हणतो, 'समईच्या तळाशीच काळोख.' आपल्याकडे उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यांच्याकडे रिकाम्या गाडीला खडखडाट फार. आणि रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे आपल्या आजीचे वचन तिकडच्या आजीलाही ठाऊक आहे. 'रडेल त्या पोराला दूध,' असं ती सांगते. माणसाचे पोट आणि माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, दुसरे काय!

परंतु या म्हणींमध्ये एक घराणे मोठे नामी आहे, आणि ते म्हणजे बोलण्याविषयीच्या म्हणींचे. माणसाने कसे बोलावे, काय बोलू नये, बोललेल्या शब्दाचे पुढे काय होते, याचा विचार या लोकांनी फार बारकाईने केला आहे.

'दिवसाचे बोलणे पाखरू ऐकते, रात्रीचे बोलणे उंदीर ऐकतो,' ही त्यांतली एक. आपल्याकडे भिंतीला कान असतात. पण जुन्या कोरियन घराच्या दाराखिडक्यांच्या जाळीवर कागद चिकटवलेला असे. मग भिंतीच्या कानांची गरजच काय? आत कुजबुजलेले बाहेर जायला वेळ लागत नसे. आणि एकदा बाहेर पडलेला शब्द कुठवर जातो? त्यावर दुसरी म्हण आहे : 'बिनपायांचा शब्द हजार री जातो.' 'री' हे अंतराचे जुने माप. हजार री म्हणजे सुमारे चारशे किलोमीटर. या म्हणीत एक श्लेषही आहे. कोरियन भाषेत शब्दालाही 'माल' म्हणतात आणि घोड्यालाही 'माल'च म्हणतात. तेव्हा चार पायांचा घोडा दमेल, पण हा बिनपायांचा घोडा दमायचा नाही, असा तो खोडकर अर्थ!

घरातल्या भांडणांवरची म्हण तर प्रत्येक गृहिणीला पटावी. 'जिथे बोलणी फार, तिथल्या सोयाबीनच्या मसाल्यालाही कडू चव.' सोयाबीन शिजवून, त्याचे ठोकळे करून, ते वाळवून मिठाच्या पाण्यात मुरवायचे आणि त्यापासून वर्षभराचे कालवण रुचकर करणारा 'जांग' तयार करायचा, हे कोरियन घरातले मोठे काम. मातीच्या रांजणांत तो महिनोन् महिने मुरतो. आपल्या लोणच्याच्या बरणीसारखीच त्याच्यावर घराची अब्रू. ज्या घरात तोंडाला तोंड लागते तिथे या रांजणाकडे नीट कोण बघणार? म्हण चवीची आहे, पण बोलते आहे घराविषयी.

आता आपल्याला वाटेल, हे लोक माणसाला गप्पच बसवायला निघाले आहेत. तसे मुळीच नाही, बरं का! 'मांसाची गोडी चावल्यावर, शब्दाची गोडी बोलल्यावर,' असेही तेच म्हणतात. मनातले मनातच ठेवणाऱ्याला ते शहाणा समजत नाहीत. बोला, जरूर बोला. फक्त कसे बोलता ते पाहा, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

या 'कसे'वर कोरियात एक लोककथा सांगतात. पाक नावाचा एक म्हातारा खाटीक होता. जुन्या काळी खाटकाची गणना समाजाच्या अगदी तळाशी होई. जन्मावरून ठरणारे ते उच्चनीच कायद्याने मोडले ते १८९४ साली. तर या पाकच्या दुकानात दोन उमराव आले. पहिला त्याचे नुसते नाव घेऊन म्हणाला, "ए सांगगिल, एक तुकडा तोड रे." दुसरा होता उमरावच, पण त्याने म्हाताऱ्याच्या वयाकडे पाहिले. तो म्हणाला, "पाकराव, आम्हालाही थोडे मांस द्या." दोघांनी दाम सारखाच दिला. पण दुसऱ्याच्या हातात पडलेला तुकडा चांगला मोठा! पहिला संतापला, "एकाच दामाला हा फरक का?" खाटीक शांतपणे म्हणाला, "महाराज, आपला तुकडा सांगगिलने तोडला, आणि त्यांचा पाकरावांनी."

'जाणारा शब्द गोड, तर येणारा शब्द गोड,' या म्हणीचा अर्थ याहून चांगला कोण सांगेल? आणि 'एका शब्दाने हजार न्यांगांचे कर्ज फिटते' हीसुद्धा याच म्हणीची बहीण. न्यांग म्हणजे पैशाचे जुने एकक. कर्ज बुडवायची ही युक्ती नव्हे. पैशाने न सुटणारी गाठ एखाद्या बऱ्या शब्दाने सुटते, एवढेच ती सांगते.

आणखी एक म्हण त्यांच्या लिपीतूनच जन्मली आहे. राजा सेजोंग याने १४४३ साली सामान्य लोकांसाठी नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. या लिपीत एका उभ्या रेघेच्या उजव्या अंगाला लहानशी आडवी रेघ दिली की 'आ' होतो. तीच डाव्या अंगाला दिली की 'ऑ'च्या जवळचा स्वर होतो. म्हणून म्हण पडली : 'आ निराळा आणि ऑ निराळा.' गोष्ट तीच, पण सांगण्यात केसाएवढा फरक पडला तरी ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच काही उमटते.

शब्दाला इतके जपणाऱ्या या लोकांवर शब्दच गमावण्याची पाळी आली होती. १९१० साली जपानने कोरिया आपल्या राज्याला जोडला. १९३८ साली शाळांत कोरियन भाषा ऐच्छिक ठरली आणि थोड्याच वर्षांत ती वर्गातून नाहीशी झाली. मुलाने आईची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जायचे! त्या वेळी काही विद्वान १९२९ पासून आपल्या भाषेचा कोश रचत होते. १९४२ साली त्यांची धरपकड झाली आणि हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. ई युनजे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगातच वारले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये देश मोकळा झाला, आणि सप्टेंबरात तेच हस्तलिखित सोलच्या रेल्वे स्टेशनाच्या वखारीत सापडले! कोशाचा पहिला खंड १९४७ साली निघाला. मध्ये १९५० ते १९५३ चे भयंकर युद्ध झाले. तरी १९५७ साली सहावा आणि शेवटचा खंड बाहेर पडला.

देशाचे दोन तुकडे झाले ते झालेच. पण या म्हणी त्या फाळणीहून जुन्या आहेत. त्यांच्यावर उत्तरेचाही हक्क आहे आणि दक्षिणेचाही. वर्गात बंदी होती तेव्हा त्या चुलीपाशी, शेताच्या बांधावर, आजीच्या तोंडी राहिल्या. बिनपायांचा शब्द पहाऱ्यातूनही चालत गेला तो असा.

जाता जाता एक शेवटची म्हण. कुणी अभद्र बोलले की कोरियन माणूस म्हणतो, 'शब्दाचे बी होते.' आपल्याकडे वास्तू 'तथास्तु' म्हणते, तसेच हे. आज खिशातल्या फोनवरून आपला शब्द क्षणात हजार री ओलांडतो. तो कुठे पडेल आणि कुठे रुजेल ते आपल्या हाती नाही. बी कसले पेरायचे, तेवढे मात्र अजूनही आपल्याच हाती आहे.