थंडीतील तंबूवास आणि मुलांचे निजणे



दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाल्या, की कब-बुलबुल आणि स्काउट-गाइड पथकांच्या शिबिरांचे बेत होऊ लागतात. जागा ठरते, तंबूंची जमवाजमव होते, शेकोटीपुढील कार्यक्रमांच्या तालमी चालतात. परंतु मुले रात्री निजणार कशी, या प्रश्नाच्या वाट्याला त्या साऱ्या आराखड्यात बहुधा एकच ओळ येते : ‘प्रत्येकाने अंथरूण-पांघरूण बरोबर आणावे.’ ही ओळ लिहून शिक्षक मोकळा होतो. आणि पहाटे गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडणारे मूल तिची किंमत मोजीत असते.

महाराष्ट्रात थंडी ती कितीशी, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो खरा नव्हे. निफाडच्या परिसरात काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकऱ्यांना पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दव गोठून गवतावर पांढरा थर बसतो. त्याच पहाटे वरच्या बाजारपेठेत मात्र बहुधा तसे काही दिसत नाही. या फरकात शिबिरासाठी मोठा धडा आहे. गार हवा जड असते. निरभ्र, निवांत रात्री ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत येते व खोलगटात साठून राहते. म्हणून ओढ्याकाठची जी सपाट हिरवळ दिवसा मन मोहून टाकते, तीच रात्री सर्वांत गार ठरते. तंबू तळाशी नको, उघड्या माथ्यावरही नको. उताराच्या मध्यावर, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा असेल अशा जागी असावा. दार आग्नेयेस ठेवले, तर हिवाळ्यातील उगवतीचे ऊन थेट आत येते.

आता निजण्याविषयी. थंडी वरून पडते, अशी आपली समजूत; म्हणून जी काही पांघरुणे असतील ती सारी अंगावर घेतली जातात आणि पाठीखाली एक सतरंजी उरते. वस्तुतः रात्रभर शरीराची ऊब सर्वांत मुकाट्याने ओढून घेते ती जमीन. ऊब धरून ठेवण्याचे काम कापड करीत नाही, कापडाच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा करते. आणि अंगाच्या भाराने खालचे अंथरूण दबले की ती हवाच निघून जाते. यास्तव तीन पांघरुणे असतील, तर दोन अंगाखाली घालणे शहाणपणाचे. त्याहून उत्तम उपाय खेड्यातील शिक्षकाच्या हाताशीच आहे. मावळात व कोकणात भाताचा पेंढा, ऊसपट्ट्यात वाळलेले पाचट, आणि ते पसरून त्यावर गोणपाट. निजल्यावर चार बोटे जाडी उरेल, इतका थर हवा. पेंढा आधी दोन दिवस उन्हात पसरून, काठीने झोडून घ्यावा. विंचू-किरडाची धास्ती त्याने पुष्कळच कमी होते. त्याच्या खाली ताडपत्री असावी, नाहीतर जमिनीची ओल वर येते. अशा तंबूत कंदील, मेणबत्ती किंवा काड्यापेटी मुळीच नेऊ नये. उजेडासाठी विजेरी पुरे. शहरातील गिर्यारोहकांजवळ फोमच्या चटया आणि स्लीपिंग बॅगा असतात. त्या मिळाल्या तर उत्तमच, पण त्यांच्यावाचून शिबिर अडत नाही.

घोंगडीविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. मुलांना हल्ली ती टोचते म्हणून नकोशी वाटते, आणि घरून रंगीत, मऊ, पातळ चादर येते. लोकर पुष्कळ ओल शोषूनही ऊब देत राहते. सुती कापड भिजले की ऊब देण्याऐवजी अंगाचीच ऊब पळविते. मेंढपाळ पावसापाण्यात घोंगडी सोडीत नाही, ते उगाच नव्हे. अंगाला सुती कपडा, त्यावर घोंगडी, असे केले म्हणजे टोचण्याची तक्रारही उरत नाही.

परंतु ज्या घरात चार माणसांत मिळून दोन गोधड्या आहेत, त्या घरातील मुलाने काय आणावे? सामानाची यादी घरी जाते, तिच्यात स्वेटर, ब्लँकेट, पायमोजे, कानटोपी असे लिहिलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल येऊन सांगते, “गुरुजी, मला यायचे नाही.” कारण विचारले तर ते सांगत नाही. कित्येकदा याहून कठीण गोष्ट घडते : मूल येते, एकच जुनेर घेऊन येते, आणि “मला थंडी वाजतच नाही” असे हसून सांगते. शिक्षकाने हे वाक्य कधीही खरे मानू नये. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठे असते. मोठ्या माणसापेक्षा ते लवकर गारठते. यादी पाठविण्यापूर्वीच कोणाच्या घरी काय आहे, याचा अंदाज घ्यावा, आणि जे कमी असेल ते गावातून शाळेच्या नावाने उसने आणावे. ते सर्वांसाठी एकत्र आणून तंबूनिहाय वाटले, म्हणजे कोणाला काय दिले याची चर्चा होत नाही. पायमोजे नसतील, तर पांघरुणासकट दोन्ही पाय स्वच्छ, कोरड्या पोत्यात घालावेत. विकतच्या मोज्यांहून ते काही कमी नाही.

दिवसभर खेळून घामेजलेल्या कपड्यांत मुलांना निजू देऊ नये. रात्रीचे कपडे वेगळे आणि कोरडे असावेत, मग ते साधे का असेनात. जेवणात बाजरीची भाकरी, निजण्यापूर्वी गूळ-शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू. शरीराच्या भट्टीला रात्रभर सरपण लागते. लघवीला सर्वांना नेऊन आणावे. डोके व कान झाकावेत, तोंड मात्र पांघरुणाबाहेर ठेवावे, कारण श्वासाच्या वाफेने पांघरूण आतून ओलसर होते. याच कारणाने तंबूचे दार घट्ट बंद करणेही चुकीचे. दहा-बारा मुलांच्या श्वासातील वाफ नायलॉनच्या कापडाला आतून लागते, गोठते वा पाझरते, आणि पहाटे अंगावर ठिबकू लागते. वरच्या बाजूस वाऱ्याला वाट ठेवली, तर थोडा गारवा येतो, पण अंथरूण कोरडे राहते.

आणि आता जी गोष्ट सांगितल्याखेरीज हे भाषण पुरे होऊ शकत नाही, ती. तंबूत शेगडी नेऊ नये. शेकोटीतील निखारे घमेल्यात घालून नेऊ नयेत. ‘थोडा वेळच’, ‘दार उघडे ठेवून’, ‘गुरुजी जागे आहेत’, यांपैकी कोणतीही सबब मान्य करू नये. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या मुलाला तर एवढेही कळत नाही. उत्तर भारतात हिवाळ्यामागून हिवाळा बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेली माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. ती माणसे अडाणी होती असे नव्हे. त्यांना थंडी वाजत होती, इतकेच. ऊब हवी असेल, तर धातूच्या बाटलीत गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी भरावे, झाकण उलटे धरून तपासावे आणि फडक्यात गुंडाळून पायांशी द्यावी.

सर्वांत अधिक थंडी मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या सुमारास असते. म्हणून शिक्षकाने दहा वाजता एक फेरी मारून निजणे पुरेसे नाही. तीन-साडेतीनला उठून प्रत्येक तंबूत जावे आणि मुलांच्या मानेला हात लावून पाहावा. कुडकुडणारे मूल अद्याप थंडीशी झगडत असते. जे मूल अडखळत बोलते, नीट उभे राहू शकत नाही, आणि ज्याचे कुडकुडणे ऊब न मिळताच थांबले आहे, ते धोक्यात आहे असे समजावे. ओले कपडे काढून त्याला कोरड्या पांघरुणात, डोक्यासह गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, आगीजवळ नेऊ नये. पूर्ण शुद्धीवर असेल व नीट गिळू शकत असेल, तरच गोड कोमट पेय घोटघोट द्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सकाळ होण्याची वाट पाहू नये. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे आणि मोबाइलला संपर्क कोणत्या ठिकाणी मिळतो, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवलेले असावे.

या पहाटेच्या फेरीत आणखी एक गोष्ट आढळते. नव्या जागी, थंडीत, एखाद्या लहान मुलाचे अंथरूण ओले होते. ते लाजेने कोणाला सांगत नाही, ओल्यातच पडून राहते, आणि तंबूतील सर्वांत गारठलेले मूल तेच असते. शिक्षकाजवळ एक कोरडी चड्डी-सदरा व एक जास्तीचे पांघरूण वेगळे ठेवलेले असावे. अंधारातच, न बोलता बदल करावा. सकाळी आठाच्या उन्हात पथकातील सर्वांचीच अंथरुणे दोरीवर व झुडपांवर वाळत घालण्याचा नियम असला, म्हणजे त्यांतले एक कोणाचे व कशाने ओले झाले, हे कोणी विचारीत नाही.