साभार परत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, नोकरी-व्यवसायात पुढे आलेल्या बांधवांचा सत्कार होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही ज्यांच्याविषयी चार शब्द बोलणार आहोत, त्यांना व्यासपीठावर बोलावण्याचा प्रसंग सहसा येत नाही. ज्यांच्या कविता मासिकांकडून परत आल्या, अशी ही मंडळी. आपल्या कुटुंबांत त्यांची संख्या आपण समजतो त्याहून अधिक असावी. कारण परत आलेली कविता कोणी घरात दाखवीत नाही.

‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकाच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पूर्वी कवितेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकिटे लावलेले पाकीट जोडावे लागे. पोस्टमनच्या हातात ते दिसले की न फोडताच आत काय आहे ते कळे, कारण वरचे अक्षर आपलेच असे. आज बहुतेक ठिकाणी कविता ई-मेलने जाते. नकार दोन ओळींत येतो, किंवा येतच नाही. साधन बदलले, तरी मनाला बसणारा धक्का बदललेला नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे मासिकांकडे कविता पाठवीत आलो आहोत, आणि आमच्या संग्रही स्वीकाराच्या पत्रांपेक्षा परतीची पत्रेच अधिक आहेत. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांला आहे, असे नम्रपणे म्हणतो.

प्रथम नकाराचा अर्थ समजून घेऊ. मासिकाची पाने ठरलेली असतात. कथा, लेख, परीक्षणे जाऊन कवितेच्या वाट्याला थोडी जागा उरते. दिवाळी अंकाची जुळवाजुळव तर कित्येक महिने आधी सुरू होते. अंक भरल्यावर आलेली चांगली कविताही परत जाते. पावसावरील दोन कविता आधीच घेतलेल्या असतील तर तिसरीला वाव राहत नाही. म्हणून परतीच्या चिठ्ठीचा अर्थ ‘या संपादकाला, या अंकासाठी, ही कविता नको’ एवढाच घ्यावा. तीत कवीच्या योग्यतेचा निकाल शोधू नये.

संपादकालाही शत्रू मानू नये. १९८२ साली बंद झालेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, दुरुस्त्या सुचवीत, हे सर्वश्रुत आहे. त्या पत्रांनी अनेकांचे लेखन घडले. परंतु कोणत्याही एका संपादकाची अभिरुची म्हणजे सबंध साहित्य नव्हे. त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ साली काही तरुण लेखकांनी जाहीर होळी केली. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदी तरुणांनी तर १९५० नंतरच्या दशकातच ‘शब्द’ हे स्वतःचे चक्रमुद्रित नियतकालिक काढले होते. पुढे चित्रे यांना १९९४ साली आणि कोलटकरांना मृत्यूनंतर २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तात्पर्य, मराठी कवितेचे घर एकाच दाराचे कधीही नव्हते.

आता तरुण कवींसाठी थोडे व्यवहाराचे. ज्या मासिकाकडे कविता पाठवावयाची, त्याचे निदान तीन-चार अंक आधी वाचावे. एक वही करून तीत कवितेचे नाव, कोठे पाठविली, केव्हा, उत्तर काय, हे मांडावे. दुःखाची अशी नोंद झाली की त्याचा भार हलका होतो. कविता परत आली की रागाच्या भरात उत्तर लिहू नये. आठ दिवस ती बाजूला ठेवावी, मग मोठ्याने वाचावी. जेथे जीभ अडखळेल तेथे पुन्हा हात फिरवावा. छापील नकाराचा कीस काढू नये. पण संपादकाने स्वतः एखादी ओळ लिहिली असेल तर ती जपून ठेवावी. दोन निरनिराळ्या संपादकांनी एकच दोष दाखविला तर तो बहुधा खरा असतो. आणि दोष न आढळल्यास कविता दुसरीकडे पाठवावी.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. घरातल्या मुलामुलींची कविता परत आली म्हणजे ‘आम्ही सांगतच होतो’ असे आपण म्हणतो, किंवा ‘तेथे वशिल्यावाचून काही छापत नाहीत’ असे समाधान देतो. पहिल्याने उमेद खचते, दुसऱ्याने सुधारण्याची इच्छा मरते. याऐवजी ‘वाचून दाखव पाहू’ एवढे म्हणावे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव व आप्तांनी उतरवून ठेवल्या. १९५१ साली त्या वारल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने १९५२ साली तो संग्रह महाराष्ट्रापुढे आला. घरात ऐकणारे कान नसते, तर ते धन कोणाच्या हाती लागले असते? एका नकारानंतर रद्दीत गेलेल्या वह्या आपल्या ज्ञातीत किती असतील, याचा विचार मनाला चटका लावतो. त्यांत मुलींच्या वह्या विशेष असाव्यात. त्यांचा छंद लग्नानंतर कोणी फारसा विचारीत नाही.

शेवटी आपल्या स्मरणिकेविषयी. येथे आलेली प्रत्येक कविता ज्ञातिबांधवाची म्हणून छापली जाते. यामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. तथापि न वाचता छापणे हेही एक प्रकारे न वाचता परत करण्यासारखेच आहे. आमची सूचना अशी की, पुढील वर्षापासून दोन-तीन जाणत्या व्यक्तींनी सर्व कविता आस्थेने वाचाव्यात, निवडक छापाव्यात, आणि उरलेल्या कारणाच्या दोन ओळी स्वहस्ते लिहून परत कराव्यात. नकार पचविण्याचे पहिले शिक्षण मुलांना आपल्याच माणसांकडून, सौम्य शब्दांत मिळाले, तर परक्या दारातला नकार त्यांना मोडून टाकणार नाही. मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा.