आधी पाणी, मग मासा



गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्या काचेच्या टाक्या आपल्याकडे घरोघरी दिसतात. ती टाकी वर्ष-दोन वर्षं नीट सांभाळली की एक प्रश्न हमखास मनात येतो : समुद्रातले मासे घरात ठेवता येतील का? २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला, तेव्हापासून तर मुलं दुकानात शिरल्या शिरल्या त्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाकडे बोट दाखवतात. त्याचं नाव क्लाउनफिश. तो घरात ठेवता येतो, चांगला वाढतो आणि अनेक वर्षं जगतो. अट एकच : टाकी आणल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंत महिना-दीड महिना थांबायची तयारी हवी. हा काळ कशासाठी लागतो, तेच आज मुख्यतः सांगायचं आहे.

आधी माशाचा स्वभाव पाहू. आपल्या कोकणातल्या खाडीत बोय असतो. पावसाळ्यात नदीचं पाणी उतरलं की खाडी गोडी होते, मे महिन्यात ओहोटीला उथळ पाणी तापून निघतं. बोय हे सगळं निभावून नेतो. क्लाउनफिशच्या जाती मात्र प्रवाळांत राहतात. आपल्याकडे अंदमान आणि लक्षद्वीपच्या समुद्रात त्या आढळतात. तिथल्या पाण्याचा खारेपणा आणि तापमान वर्षभरात फारसं हलत नाही. अशा ठिकाणच्या माशाला सारखे चढउतार सोसत नाहीत. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत सगळी धडपड पाणी स्थिर ठेवण्यासाठी असते.

मग टाकी केवढी घ्यावी? नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो चुकीचा वाटतो. जरा हिशेब करा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार तिथेच राहतात. तीस लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस लक्ष गेलं नाही, तर ३५ चे जवळपास ३९ होतात. शंभर लिटरच्या टाकीत तेवढंच पाणी उडालं तर ते ३६ च्या आसपास राहतात. पहिल्या टाकीतला मासा संकटात असतो, दुसऱ्या टाकीतल्याला फारसं काही जाणवतही नाही. म्हणून ‘लहान’ म्हणजे शंभर लिटर धरा : अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी, काच, वाळू, दगड मिळून तिचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं. त्यामुळे पक्कं लोखंडी स्टँड हवं. भिंतीलगतची जागा बघा आणि खिडकीतून ऊन थेट येईल अशी जागा टाळा. विजेच्या प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या. ओघळणारं पाणी त्या झोळावरून खाली ठिबकतं, प्लगपर्यंत पोचत नाही. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यायची.

आता पाणी कुठलं? मुंबईत राहणाऱ्याला वाटतं, समुद्र तर समोरच आहे, चौपाटीवरून दोन कॅन भरून आणू. आणू नका. शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, तेल असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घसरलेला असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. सगळ्यांत बरं ते आरओचं पाणी. पण घरच्या आरओ यंत्रात चवीसाठी खनिजं मिसळायची सोय अनेकदा असते, म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने तपासून घ्या. आकडा दहाच्या आत असावा.

या पाण्यात मीठ घालायचं, पण स्वयंपाकघरातलं नव्हे. समुद्राच्या क्षारांत साध्या मिठाचे घटक, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, मिळून सुमारे ८५ टक्के असतात. बाकीच्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट वगैरे असतात. उरण-पेणच्या मिठागरांत मिठाचे दाणे जमले की उरलेलं कडू पाणी सोडून देतात, मॅग्नेशियमचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर जातो. माशाला हे सगळेच क्षार लागतात. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात खास सागरी मीठ मिळतं. शंभर लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो लागतं. मोठ्या पिंपात पाणी घ्या, पंप चालू करा, मीठ थोडं थोडं टाका आणि ते दिवसभर घुसळत राहू द्या. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तो दुर्बिणीसारखा दिसतो. त्याच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा भाग दिसतो. त्यांच्या सीमेवरचा आकडा वाचायचा. ३५ किंवा दुसऱ्या पट्टीवर १.०२६ आला की पाणी जमलं.

तळाला प्रवाळी वाळूचा इंचभर थर द्या. वर सच्छिद्र कृत्रिम दगड रचा, मध्ये गुहा आणि फटी ठेवा. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा मोह होईल. तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना संरक्षण आहे, समुद्री घोड्यालाही आहे. दुकानदार आडपडद्याने विकत असला तरी घेऊ नका. तासाला टाकीचं पाणी दहा वेळा फिरेल, म्हणजे सुमारे हजार लिटरचा प्रवाह देईल असा पंप, साधा फिल्टर, थर्मामीटर आणि दिवा, एवढं पुरे. एक-दोन माशांच्या टाकीला पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा महागडा स्किमर लागत नाही. पाणी नियमित बदललं की भागतं.

टाकी भरली, दिवा लागला, पाणी नितळ झालं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि त्याच संध्याकाळी मासा घरी येतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. समुद्रात तो पसरून जातो, टाकीत साचतो आणि कल्ले जाळतो. अमोनिया संपवणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, पण नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य असतं, पाणी बदलून ते कमी ठेवता येतं. ही वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. छंदवाले याला ‘टाकीचं सायकलिंग’ म्हणतात. या काळात तुम्ही मासे पाळत नसता, जिवाणू पाळत असता.

त्यांना खायला अमोनिया हवा. काही जण सोललेली कोळंबी टाकून ती कुजू देतात. काम होतं, पण घरात वास सुटतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेला लागणारी रसायनं विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. हाच आपला नवसागर, पण कल्हईसाठी मिळतो तो शुद्ध असेलच असं नाही, म्हणून तो टाळा. लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया होईल इतकंच घाला. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी खारी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण लावल्यासारखं काम होतं.

आता रोज संध्याकाळी तपासणी. नेहमीच्या किटमध्ये परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. अमोनियाचा पिवळा रंग आधी हिरवट होतो आणि दिवसेंदिवस गडद होत जातो. आठ-दहा दिवसांनी तो उतरणीला लागतो आणि नायट्राइटची नळी जांभळी होते. हा जांभळा रंग फार चिवट असतो. दोन-दोन आठवडे हलत नाही, माणूस वैतागतो. मला मात्र हाच टप्पा सगळ्यांत रंजक वाटतो. डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी तुमच्या टाकीत वाढतंय, याचा तेवढा एकच पुरावा तुमच्या हातात असतो. मग एके दिवशी नळी फिकट निळी राहते. पुन्हा अमोनिया घालून बघा. चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली. साचलेलं नायट्रेट काढायला अर्धं पाणी बदला आणि मग माशाच्या दुकानात जा.

काही दुकानांत ‘टाकी चालू करायला’ म्हणून निळे डॅमसेल मासे देतील. घेऊ नका. अमोनियात जिवंत मासा घालणं क्रूरपणा आहे आणि जगलेला डॅमसेल पुढे प्रत्येक नव्या माशाला छळतो. चित्रपटातली डोरी, म्हणजे निळा टँग, फूटभर वाढतो. शंभर लिटर त्याला कैद आहे. तुम्ही घ्या पैदास केंद्रात वाढवलेली क्लाउनफिशची छोटी पिल्लं. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात विकसित केलं आहे. त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याची गरज नाही. पकडलेला मासा बिचकलेला असतो, कित्येकदा तयार खाद्याला तोंडही लावत नाही. दुकानात माशाला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. खात असेल तरच घ्या.

दोन पिल्लं घ्या, एक थोडं मोठं, एक लहान. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी होतो. पुढे मादी मेली तर नर स्वतः मादी बनतो. दोघं एकत्र सोडले की काही दिवसांत लहान मासा मोठ्याच्या समोर आडवा होऊन अंग थरथरवताना दिसेल. तो आजारी पडला असं समजून घाबरू नका. ‘तू मोठी, मी धाकटा’ हे त्याने मान्य केलेलं असतं. समुद्रात हे मासे ॲनिमोनी या समुद्री प्राण्याच्या स्पर्शकांत राहतात, पण टाकीत ॲनिमोनी नसली तरी त्यांचं अडत नाही.

घरी आणल्यावर पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग माशाला पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या आणि टाकीतलं पाणी बारीक नळीने, गाठ मारून थेंब थेंब सोडा. अर्धा तास पुरे. मासा कुरियरने लांबून आला असेल तर मात्र रेंगाळू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकतं आणि साचलेला अमोनिया त्यात फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू उडतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बादलीतलं पाणी टाकीत ओतू नका. मासा जाळीने उचला.

पुढची निगा थोडक्यात. तापमान २५ ते २७ अंश. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावला तर ते दोन-तीन अंश उतरतं, मात्र कोकणातल्या दमट हवेत कमी उतरतं आणि पाणी जास्त उडतं. उडालेल्या पाण्याची भर कायम गोड्या पाण्याने करायची, खाऱ्याने नव्हे. आठवड्याला दहा-पंधरा लिटर तयार खारं पाणी बदला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी शेवाळ चढेल. ते बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, स्पंजाने पुसून टाका. वीज जाण्याच्या वेळेसाठी बॅटरीवरचा हवापंप हाताशी ठेवा, कारण उबदार खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो.

आणि गणपतीला गावी जायचं असेल, तेव्हा शेजारच्या काकूंच्या हातात खाद्याचा डबा देऊ नका. प्रेमापोटी त्या मूठभर टाकतील आणि त्याने अमोनिया चढेल. रोजची चिमूट वेगवेगळ्या पुड्यांत बांधा, पुडीवर वार लिहा, बाकीचा डबा कपाटात ठेवा. टाकीच्या बाहेरून पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावा, शेजारी आरओच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा आणि काकूंना सांगा, पाणी पट्टीच्या खाली गेलं की यातलं घालून पट्टीला लावायचं.